रुस्तुम सरांचा डावा कोपरा

कबड्डीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या कॉलेजच्या मुली मैदानात उतरल्या, की समोरच्या संघाचे प्रशिक्षक आपल्या चढाईवाल्या मुलीला जवळ बोलावून हळूच सांगतात, "त्यांच्या उजवीकडून जा. डावीकडं फिरकू नको." डावीकडे मागच्या टोकाला आमचा डावा कोपरा उभा असतो. कबड्डीत सात जणी असतात हे मला कॉलेजात लागल्यावर कळलं, आणि त्यातल्या पाच जणी नेमकं काय करतात हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण डाव्या कोपऱ्याचं काम झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. चढाईवालीचा पाय आत आला की तो घोट्यापाशी धरायचा आणि बाकीच्या सहा जणी येऊन पडेपर्यंत सोडायचा नाही.

एवढ्या एका जागेसाठी आमच्या कॉलेजचं नाव आहे. तसा आमचा विज्ञान शाखेचा निकाल बरा लागतो, ग्रंथालय मोठं आहे, आणि माझा मराठी विभागही अगदीच टाकाऊ नाही. पण गंगाखेडहून सुटलेल्या बसचा कंडक्टर आमचा थांबा आला की "कोपऱ्याचं कॉलेजवाले, उतरून घ्या!" असंच ओरडतो. पहिल्या वर्षी मला याचा राग यायचा. मानवतसारख्या बाजारपेठेच्या गावची मी, एमए, पीएचडी. आणि कुणी तरी कुणाचा तरी पाय धरतं म्हणून माझं कॉलेज ओळखलं जावं? मग क्रीडा विभागाच्या रुस्तुम सरांशी माझी ओळख झाली आणि राग कुठल्या कुठे गेला.

ओळख होण्याचं कारण सरकारी होतं. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक महिला प्राध्यापक लागते. त्या वेळी कॉलेजात आम्ही दोघीच होतो आणि दुसरीला बस लागायची. प्राचार्यांनी मला व्यवस्थापक करून टाकलं. सर स्वतः माझ्या केबिनमध्ये आले, उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, तुमाला काईच करायचं न्हाई. फक्त पोरी मोजायच्या. जाताना नऊ, येताना नऊ. बाकी मी बगतो." आणि जाता जाता दारात थांबून म्हणाले, "तुमची डावी चप्पल भायेरून झिजली हाय. कंबर दुखती का?"

कंबर दुखत होती. घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

सरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पाय राहत. व्हरांड्यातून कोण गेलं ते खाली मान घालून हजेरीपट लिहिता लिहिता सांगायचे. विद्यापीठाची समिती आली तेव्हा सगळे पाहुण्यांच्या तोंडाकडे बघून हसत होते आणि आमचे सर त्यांच्या बुटांकडे. समितीतल्या एका गृहस्थांना ते म्हणाले, "तुमी पयले उंच उडी मारत असाल." गृहस्थ चाट पडले. तीस वर्षांपूर्वी मारायचे म्हणे. त्या अहवालात क्रीडा विभागाबद्दल दोन ओळी जास्त चांगल्या आल्या, आणि प्राचार्य महिनाभर सरांशी गोड बोलत होते.

दिसायला सर खेळाडू वाटायचेच नाहीत. उंची बेताची, पोट सुटलेलं, मिशा पांढऱ्या, डोळ्यांवर चष्मा. कमरेच्या वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली निळी ट्रॅक पँट. "वरचं प्राचार्यासाठी, खालचं पोरींसाठी," असं त्यांचं स्पष्टीकरण. सकाळी मैदानावर फक्कीच्या रेषा ते स्वतः ओढायचे, वाकून, उलटं चालत. शिपाई होता, पण त्याची रेषा वाकडी जाते असा त्यांचा आरोप होता. शिपायाच्या मते सरांचीच वाकडी जायची. मी दोघांच्याही बाजूने निकाल दिलेला आहे, वेगवेगळ्या दिवशी.

त्यांची खेळाडू निवडायची पद्धत अजब होती. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की अर्ज घ्यायच्या टेबलाशी येऊन बसायचे. समोर मुलगी फॉर्म भरतेय, आईबाप शेजारी उभे आहेत, आणि सर कोपराच्या धक्क्याने टेबलावरचं डस्टर खाली पाडायचे. बहुतेक मुली दचकायच्या. काही "अगं बाई" म्हणायच्या. एखादीचा हात मात्र डस्टर जमिनीला लागायच्या आत खाली गेलेला असायचा. सर लगेच विचारायचे, "माय, कबड्डी खेळती का?" ती "न्हाई" म्हणायची. सर म्हणायचे, "मंग आजपसून खेळती." कधी कधी आईनेच डस्टर झेललेलं असायचं. तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नसे, हळहळून म्हणायचे, "वहिनी, तुमी पंचवीस वर्षं उशीर केला."

एवढं करून आमच्या कॉलेजला कप किती मिळाले? एकही नाही. उपांत्य फेरीपर्यंत धडक मारायची आणि घरी यायचं, हा आमचा रिवाज. कारण सरळ आहे. सगळं शहाणपण त्या एका कोपऱ्यात, चढाई करायला कुणी नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, एखादी चढाईवालीसुद्धा तयार करा की." ते म्हणाले, "चढाई करणारीला समदे टाळ्या वाजवतेत मॅडम, तिला मास्तर लागत न्हाई. कोपऱ्याला बगतं कोण? तिला मपल्यासारखा एक जण तरी बगणारा पायजे का न्हाई?" आणि कपाचं काय? "कप कपाटात जाऊन बसतो. पोरगी संघात जाऊन बसली पायजे." तशा त्यांच्या पोरी बसल्याही. विद्यापीठाच्या संघात डाव्या कोपऱ्याला वर्षानुवर्षं आमचीच मुलगी असायची. पुढे कुणी पोलिसात गेली, कुणी वनखात्यात, एक जण रेल्वेत. दिवाळीला त्यांचे फोन यायचे आणि सर प्रत्येकीला पहिला प्रश्न विचारायचे, "गुडघे कसे हाईत?"

अंजू देवकते आमच्याकडे आली ती मात्र डस्टर न झेलता. खरं म्हणजे ती आलीच नव्हती.

झालं असं की आम्ही दोघं एका बैठकीसाठी बसने निघालो होतो. राणीसावरगावच्या अलीकडे मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता म्हणून बस थांबली. मी खिडकीशी, सर माझ्या शेजारी, मांडीवर नव्या जर्सींचं गाठोडं. कळपातली एक मेंढी उधळली आणि शेजारच्या सोयाबीनमध्ये घुसायला निघाली. मागून एक मुलगी आली. धावली नाही, दोन पावलं टाकून वाकली, मेंढी तिच्या अंगावरून जाणार एवढ्यात डावा हात खाली घातला, आणि मेंढी जागच्या जागी उभी. मागचा पाय मुलीच्या हातात होता.

सर उठले. गाठोडं माझ्या मांडीवर टाकलं आणि चालत्या झालेल्या बसमधून "रोका, रोका!" म्हणत खाली उतरले. कंडक्टर ओरडला, "ओ सर, तिकीट परभणीचं हाय!" सरांना ऐकू येत नव्हतं. मी खिडकीतून डोकं काढून बघितलं तेव्हा ते मुलीच्या पायांकडे बघत तिच्याभोवती फेरी मारत होते आणि कळपाचं कुत्रं सरांभोवती फेरी मारत होतं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही तर माझ्याच वर्गातली. बीए पहिलं वर्ष, पहिल्या दिवशी तोंड दाखवून गेलेली, तेव्हापासून हजेरीपटात रोज 'गैर'.

त्या दिवशी परभणीच्या बैठकीला मी एकटीच गेले, गाठोड्यासकट.

अंजू मैदानावर आली त्या दिवसाचं काय सांगू! आमची चढाईवाली शीतल म्हणजे अंगाने दांडगी, तोंडाने त्याहून. ती दम घेत आत गेली, अंजूने तिचा पाय धरला, शीतल धपकन पडली. इथवर सगळं ठीक. पण अंजू तिच्या पाठीवर गुडघा टेकून बसली, दुसऱ्या हाताने तिची हनुवटी वर केली आणि मागे न बघता ओरडली, "आणा बाटली!"

जंताचं औषध पाजायची सवय! मेंढी धरली की बाप बाटली घेऊन येतो. मुली मैदानावर लोळून हसल्या. शीतल त्यानंतर आठवडाभर अंजूशी बोलली नाही, आणि नंतर तीच तिची जिवाभावाची मैत्रीण झाली. सर मात्र हसले नाहीत. ते दुसऱ्याच विचारात होते. पुढच्या चार पकडींमध्ये अंजूने दोनदा धरलेला पाय मधेच सोडून दिला होता.

"कामून सोडला गं?"

"वाकडा व्हायलाता, सर."

"मंग? होऊ दे की. आपल्याला गुण पायजे."

अंजू गोंधळली. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली, "मेंढराचा पाय खाली बारीक ऱ्हाती, सर. तितं पिळला की मोडतो. सांध्याच्या वर धरायचं आन् ते जिकडं वढील तिकडं आपुन जायचं. आपुन वढायचं न्हाई. वाकडा व्हायला लागला की सोडायचा, फिरून धरायचा. मोडल्यावर काय करायचं त्याचं?"

सर मैदानाच्या मधोमध फतकल मारून बसले. पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता. म्हणाले, "दाव."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आम्हाला सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्याच एका कोपऱ्याने, त्यांनीच शिकवलेली घोटा पिळायची पकड लावून, दुसऱ्या कॉलेजच्या एका मुलीचा पाय कायमचा अधू केला होता. ती मुलगी पुन्हा कधी खेळली नाही. नियमात सगळं बसत होतं, गुण आमचा होता, कुणी तक्रारही केली नाही. सर म्हणाले, "त्या पोरीचा पाय मला रोज दिसतो. तवापसून इचार करायलोय का पिळल्याबिगर धरायचं कसं. जमतच न्हवतं." मग अंजूकडे वळून म्हणाले, "लय वर्षं झाली मला शिकवायला. चुकत व्हतं."

छप्पन्न वर्षांचा माणूस, जिल्ह्यात ज्याच्या पकडीचं नाव निघतं तो, अठरा वर्षांच्या मुलीपुढे सगळ्यांदेखत असं म्हणाला. मी मराठीची प्राध्यापक. माझी एक साधी र्‍हस्व-दीर्घाची चूक विद्यार्थ्याने दाखवली तरी दोन दिवस मी त्याच्याशी नीट बोलत नाही. त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

आणि तेव्हापासून आमच्याकडे पकड अंजूच्या पद्धतीनेच शिकवली जायला लागली. पोटरीच्या खाली, घोट्याच्या वर, सोबत जायचं, पिळायचं नाही. सरांचं नवं वाक्य तयार झालं. "धरणारीला सोडता आलं पायजे." मैदानावर ते दिवसातून वीसदा ऐकू यायचं.

आता अडचण. अंजूच्या घरी दोनशे मेंढरं. दिवाळी झाली की कळप चाऱ्यामागे बाहेर निघणार तो पावसाच्या तोंडावरच परतणार. भाऊ पुण्याला कंपनीत. आई गयाबाईंचा हात पडून मोडलेला, तो नीट जुळलाच नाही. म्हणजे वडलांबरोबर मेंढरं धरणारं माणूस एकच, अंजू. आणि विद्यापीठाची निवड चाचणी दर वर्षी दिवाळीनंतर. पहिल्या वर्षी अंजू कळपाबरोबर गेली. दुसऱ्या वर्षीही गेली. डाव्या कोपऱ्याला आमच्याच दुसऱ्या मुली निवडल्या गेल्या, कॉलेजचं नाव राहिलं, पण सरांचं समाधान होईना. "ह्या पोरीइतका कोपरा मी जन्मात बगितला न्हाई," ते मला म्हणाले, "आन् कुणालाच ठावं न्हाई. एकदा, फक्त एकदा, लोकांनी बगायला पायजे."

तिसरं वर्ष हे अंजूचं शेवटचं. आणि सरांचंही, मे महिन्यात ते निवृत्त होणार होते.

त्या वर्षी दसऱ्यानंतर सर मला घेऊन अंजूच्या वडलांकडे गेले. मल्हारीमामा देवकते म्हणजे उंच, वाळका, शब्द मोजून बोलणारा माणूस. घोंगडीवर बसवलं, चहा दिला आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "सर, पोरगी मपली बी हाय. तिनं जावं असं मला बी वाटतंय. पर त्या दिवशी आमी पेडगावला असू. औषध पाजायचा तोच दिवस, दुसऱ्या दिवशी तळ हालतो. एकदा औषध झालं की म्होरं महिना-दीड महिना मी एकटा रेटीन. तिच्या जागी मेंढरं कोण धरंल?"

"मी धरतो," सर म्हणाले.

मल्हारीमामांनी सरांना वरून खाली बघितलं. शर्ट, पोट, ट्रॅक पँट. "धरा बरं एक."

मी आयुष्यात पुष्कळ काव्यवाचनं ऐकलीत, पण त्या पाच मिनिटांइतका आनंद मला कशानेच झालेला नाही. सरांनी बाह्या सरसावल्या, कबड्डीच्या कोपऱ्यासारखे वाकले आणि एका मेंढीवर झेप टाकली. मेंढी गेली. दुसरीवर टाकली. दुसरी गेली आणि सर लेंड्यांत. तिसऱ्या खेपेला पाय हातात आला, पण तो एका मस्तवाल मेंढ्याचा होता. तो सरांना घेऊन बाभळीपर्यंत गेला. "सोडा सर, सोडा!" अंजू ओरडत होती. सर सोडत नव्हते. शेवटी बाभळीनेच सोडवलं. गयाबाईंनी पदर तोंडाला लावलेला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

"लोकांच्या पोरींला शिकवता तुमी हे?" मल्हारीमामांनी शांतपणे विचारलं.

सरांनी शर्टावरचे काटे काढत विचारलं, "दिवाळीला किती दिस हाईत?"

"अठरा."

"मंग रोज येतो."

आणि आले. रोज पहाटे फटफटीवर राणीसावरगावला जायचे, तास-दीड तास मेंढरं धरायचे, आणि साडेनऊला कॉलेजात हजर. अंगाला असा वास यायचा की स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. प्राचार्यांनी अत्तराची कुपी भेट दिली. सर तिचा वापर करायचे, त्यामुळे वास दोन्ही यायचे. मी एकदा मुलींना घेऊन बघायला गेले. अंजू शिटी गळ्यात अडकवून उभी होती आणि सर वाकलेले.

"हात कामून पळवता सर? पाय येऊ द्या तुमच्याकडं."

"येतच न्हाई की!"

"येतोय. घाई करू नका. बगा, आला."

हीच वाक्यं सर मैदानावर तिला म्हणायचे, शब्दाला शब्द. शीतल माझ्या कानात म्हणाली, "मॅडम, आता सरला बाटलीच पाजती ही."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कळप निघायचा होता. आदल्या दिवशी मल्हारीमामांनी ओळीने दहा मेंढरं सोडली. सरांनी आठ धरली. दोन निसटली. मल्हारीमामांनी ती दोन परत कळपात हाकलली. मग म्हणाले, "चालतंय. या पेडगावला."

चाचणीच्या दिवशी सकाळी बसस्टँडवर अंजूला माझ्या हाती देऊन सर पेडगावकडे निघाले. मला तेव्हा कुठे नीट उमगलं की हा माणूस येणारच नाहीये. ज्या दिवसाची त्याने तीन वर्षं वाट बघितली तो दिवस तो बघणार नव्हता. मी म्हटलं, "सर, दुसरं कुणी तरी पाठवू या ना. मला या खेळातलं काय कळतं?" ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाला मेंढरं कुटं धरता येतेत, मॅडम? तुमी फक्त मोजा. जाताना दोन, येताना दोन." दुसरी म्हणजे शीतल, तीही चढाईसाठी चाचणीला निघाली होती.

विद्यापीठाच्या मैदानावर चाळीसेक मुली. निवड समितीत तिघं, त्यातले मोठे म्हणजे गळ्यात टॉवेल टाकलेले एक तांबूस डोळ्यांचे गृहस्थ. अंजू डाव्या कोपऱ्याला उभी राहिली. पहिल्या दोन पकडी तिने अशा घेतल्या की कडेला बसलेल्या मुली उठून उभ्या राहिल्या. तिसऱ्या चढाईला एक नामांकित मुलगी आली, मागच्या वर्षी विद्यापीठाकडून खेळलेली. अंजूने पाय धरला. मुलगी गिरकी घेऊन मध्यरेषेकडे वळली, आणि मी बघतेय, अंजूने हात उघडला. ती मुलगी आरामात परत गेली. कडेला कुणीतरी चुकचुकलं. टॉवेलवाल्यांनी खेळ थांबवला.

"का सोडली पकड?"

"पाय वाकडा व्हायलाता, सर."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी मनात म्हटलं, संपलं. तिकडे तो माणूस पेडगावला लेंड्यांत लोळत असेल आणि इथे हिने सोडून दिला पाय! मला अंजूचा इतका राग आला की तिला तिथेच दोन लगावाव्यात. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, सर असते तर मान हलवून 'शाब्बास' म्हणाले असते. कुणाचं खरं धरावं मला कळेना. मी नुसतीच शीतलचा हात घट्ट धरून बसले.

तीच मुलगी पुन्हा चढाईला आली. आता तिला भीड नव्हती. हा कोपरा सोडतो हे तिला माहीत होतं. तिने पाय लांबवला. अंजू हलली नाही. आणखी लांबवला. मग अंजूचा डावा हात खाली गेला. मुलगी ओढत निघाली, अंजू तिच्याबरोबर निघाली, जमिनीवरून, तक्रार न करता, जिकडे ती जाईल तिकडे. मध्यरेषा हातभर राहिली तेव्हा बाकीच्या सहा जणी येऊन पडल्या. ढिगाऱ्यातून ती नामांकित मुलगी उठली, पाय झटकला, तो शाबूत होता. तिने अंजूच्या पाठीवर थाप मारली.

दुपारी यादी वाचली गेली. शीतलचं नाव नव्हतं. डावा कोपरा, अंजली मल्हारी देवकते. शीतलने एवढ्या मोठ्याने किंकाळी फोडली की जणू तिचंच नाव आलं होतं. मी धीर करून टॉवेलवाल्यांना विचारलं, "सर, तिने तर एक गुण घालवला होता." ते म्हणाले, "महिनाभर शिबिर आहे, बाई. त्यात ही आपल्याच पोरींचे पाय धरणार. मला स्पर्धेला जाताना माझ्या चढाईवाल्या चालत जायला पाहिजेत." मग विचारलं, "शिकवलं कुणी हिला?" काय सांगणार? मी म्हटलं, "दोघांनी एकमेकांना."

सरांचा फोन लागत होता पण कुणी उचलत नव्हतं.

मे महिन्यात सर निवृत्त झाले. शाल, नारळ, गुलाबाचे हार, सगळं झालं. समारंभात भाषण मीच केलं आणि मुद्दे काढूनही घसरले. आता ते आपल्या गावी शेती बघतात. फोनवर भेटतात, माझ्या कंबरेची चौकशी करतात. पण सर म्हटलं की मला तो समारंभ आठवत नाही. आठवतं ते त्या संध्याकाळचं पेडगाव.

आम्ही तिघी बसमधून उतरून सोयाबीन काढलेल्या रानातून तळाकडे निघालो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. कळप एका बाजूला शांत उभा. मल्हारीमामांच्या हातात औषधाची बाटली. आणि सर एका मेंढीचा मागचा पाय दोन्ही हातांनी धरून गुडघ्यांवर बसलेले. शर्टाचा रंग कुठला ते आता सांगता आलं नसतं. एका बाहीचा पत्ता नव्हता.

अंजू धावत पुढे गेली आणि चार पावलांवर थबकली. शेवटी शीतलच ओरडली, "सर, झाली! अंजूची निवड झाली! डावा कोपरा!"

सरांनी मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, चष्म्याच्या काचा भरल्या, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"मॅडम," ते कसंबसं म्हणाले, "जरा मपला चष्मा काढा. पोरगी दिसंना झाली."

मी चष्मा काढला. पदराने काचा पुसल्या आणि पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर चढवला. लगेच त्या परत भरल्या. अंजू समोर उभी राहून हसत होती आणि रडत होती, आणि सर तिच्याकडे बघत तसेच बसलेले, मेंढीचा पाय धरून.

बऱ्याच वेळाने मल्हारीमामा खाली वाकले. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सोडा आता, सर," ते म्हणाले. "तिला औषध पाजून लय वेळ झाला."